झाकलेले डबे

भागुबाईंनी कोठीचं दार उघडलं आणि पाऊल आत न टाकता त्या तशाच मागे सरल्या. मागून सूप घेऊन येणारी सिंधू त्यांच्या पाठीवर आदळली. काय झालं ते विचारावं लागलं नाही. कणगीच्या बुडाशी, शेणामातीचं लिंपण ओलीनं सुटलं होतं तिथे, एक उंदीर पाय ताणून पडला होता. दुसरा त्याच्या पलीकडे. तिसरा अजून जिवंत होता. भर उजेडात, दोन बायकांच्या देखत, तो झिंगल्यासारखा गोल गोल फिरत होता आणि पळून जायचं त्याला सुचतच नव्हतं.

ज्यांनी मोठ्या प्लेगचं साल पाहिलं होतं त्यांना याचा अर्थ कुणी समजावायला नको होता. सिंधू तेव्हा परकर नेसण्याएवढीही नव्हती, तरी आईच्या काखेत आलेली गाठ तिला अजून आठवत होती. भागुबाईंनी दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि कडीवरचा हात काही त्यांना काढवेना.

"राख टाक बाई त्यांच्यावर," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "नको, नको. तू नको जाऊ आत."

सिंधूला ऐकू येत होतं, पण तिचं मन तिथे नव्हतंच. ते आळीत दारोदार धावत सुटलं होतं. परवाच अमावास्या झाली होती. परवाच तिने याच कणगीच्या बुडातली बाजरी काढून पाच घरांचे डबे भरले होते. काढताना बाजरीला कसला तरी वास आला होता, आणि जुनं धान्य आहे, वास येणारच, असं म्हणून तिने तो मनाआड केला होता. ती पाच घरं कोणती, हे साऱ्या आळीत तिला एकटीला ठाऊक होतं. त्यातलं एक घर मंगलचं होतं. मंगल म्हणजे या समोर उभ्या असलेल्या भागुबाईंची पोटची लेक, आणि लेकीचा डबा भरावा लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. सिंधू उंबऱ्यावर बसली.

आळीची ही 'मूठ' या दोघी जावांच्या सासूबाईंनी, चिमणाबाईंनी, सुरू केलेली. मोठ्या प्लेगात सगळी तांबट आळी गावाबाहेर झोपड्या घालून राहिली होती. तिथे काही झोपड्यांतून धूर निघत नाही हे चिमणाबाईंच्या ध्यानात आलं, तेव्हा फार उशीर झाला होता. कर्ता माणूस गेलेली ती घरं उपाशी राहिली, पण शेजारी जाऊन पसाभर धान्य मागितलं नाही. हातोडा धरणाऱ्या हाताला पसरायची सवय नसते, दुसरं काय! आळीत परत आल्यावर चिमणाबाईंनी नवऱ्याकडून घरटी एक तांब्याचा डबा ठोकून घेतला. सगळे एका मापाचे, सगळ्यांना घट्ट झाकण. रोज चूल पेटवण्याआधी प्रत्येक बाईनं एक मूठ बाजरी त्यात टाकायची. अमावास्येला दिवस उगवायच्या आत प्रत्येक घरानं आपला डबा झाकण लावून ओट्यावर ठेवायचा. डब्यात धान्य असलं तर ते दारोदार फिरणाऱ्या हातगाडीवरच्या पोत्यात जायचं. डबा रिकामा असला तर तो पोत्यातून भरला जायचा. आणि झाकण पुन्हा लागायचं. कुणी दिलं आणि कुणी घेतलं, हे बाहेरून बघणाऱ्याला कळायचं नाही. पलीकडच्या टोकाला खलील कल्हईवाल्याचं घर होतं, त्याच्याही ओट्यावर तसाच डबा असे. चिमणाबाई म्हणत, ज्याची चूल आळीत त्याची मूठ आळीत. धान्याची कोठी या घरात, म्हणून पंचांचा मानही या घरात.

सासूबाईंनी जाताना डबे फिरवायचं काम थोरल्या सुनेला न देता धाकटीला दिलं, त्यावरून दोघी जावांत वर्षभर अबोला होता हे आळीत सर्वांना माहीत होतं. हातगाडी ओढायला सिंधूचा नवरा मोतीराम असे. पण त्यालाही दंडक होता. गाडी ओढणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही. बारा वर्षांत तो एकदाही वळला नव्हता.

मंगलचा डबा पहिल्यांदा रिकामा लागला तो आश्विनात. तिचा नवरा यादव चळवळीत दुसऱ्यांदा तुरुंगात गेला होता. खंडेरावांनी, म्हणजे मंगलच्या वडिलांनी, भर ओसरीवर तिला सुनावलं होतं की, नवऱ्याला गांधीटोपी भाकरी देत असेल तर माझ्या दारी यायचं कारण नाही. मंगल उठली ती आळीच्या वरच्या अंगाला आपल्या खोलीवर गेली आणि पुन्हा आली नाही. सिंधूला मूलबाळ नव्हतं. मंगलला तिने न्हाऊमाखू घातलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या. त्या पहाटे मंगलचं झाकण उचललं आणि आतला कोरा तांब्याचा तळ बघून सिंधू कितीतरी वेळ नुसती उभी राहिली होती. त्या गोष्टीबद्दल काकू-पुतणीत कधी एक शब्द झाला नव्हता.

आणि आता त्याच डब्यात तिने आपल्या हाताने काय भरून ठेवलं होतं, ते देवच जाणे. मंगलकडे दोन वर्षांची पोर होती.

पुरुषांना कारखान्यातून आत बोलावलं तेव्हा खंडेराव हातातला हातोडा घेऊनच आले. त्यांनी कोठीत डोकावून पाहिलं, दार लावलं, माजघराचंही लावलं, आणि पाटावर बसले. बाहेर आळीत ठोकाठोक चालू होती. रोज कान किटवणारा तो आवाज सिंधूला आज हवाहवासा वाटत होता. जोवर हातोडे चालताहेत तोवर आळीला काही कळलेलं नाही.

खंडेरावांचं बोलणं नेहमीसारखंच बेताचं होतं. उंदीर परसात खोल पुरायचे. कणगी पोरकिड्यांनी धरली म्हणून सांगून धान्य गोदेपलीकडे नेऊन टाकायचं. कोठीला चुना मारायचा. बाहेर चकार शब्द नाही. मोतीराम मान हलवत होता. थोरल्या भावापुढे मान हलवण्याखेरीज त्याने जन्मात काही केलं नव्हतं. भागुबाईही नवऱ्याच्याच बाजूने बोलल्या. उंदीर मुठीच्या धान्यात पडले हे एकदा आळीत फुटलं, की पुन्हा कोण बाई आपल्या हाताने मूठ टाकील? आधीच बाजारात जर्मनची हलकी, स्वस्त भांडी आल्यापासून तांब्याला गिऱ्हाईक उरलेलं नाही, दर महिन्याला पोती हलकी होत चालली आहेत. सासूबाईंनी उभं केलेलं सगळं एका दिवसात बसेल. त्या बोलत होत्या ते खोटं नव्हतं, म्हणूनच सिंधूला जास्त भीती वाटत होती.

"आणि परवा जे गेलं ते?" मोतीरामने हळूच विचारलं.

खंडेरावांनी सिंधूकडे न बघता बायकोला म्हटलं, "तिला म्हणावं, नावं सांग. मी स्वतः एकेकाच्या घरी जाऊन कानात सांगून येतो. बोभाटा नको."

दीर-भावजयीचं बोलणं असंच भागुबाईंच्या मार्फत चाले. घरात आल्यापासून सिंधू खंडेरावांशी थेट एक वाक्य बोलली नव्हती. नाव सांगणं किती सोपं होतं! पाचही नको, एकच. एक नाव उच्चारलं असतं तर हाच माणूस अनवाणी वरच्या अंगाला धावत गेला असता. पण उरलेली चार? त्यांच्या दारात पंचांचा म्होरक्या भर दिवसा जाऊन उभा राहिला, की सगळ्या आळीला त्या दारांची ओळख पटणार होती. पुढच्या अमावास्येला त्यांतलं कुणी डबा रिकामा ठेवणार नव्हतं. पोरं उपाशी ठेवतील, पण झाकणाखाली खडे भरून ठेवतील. चिमणाबाईंनी मरताना तिचा हात कणगीवर ठेवून घेतला होता आणि एवढंच म्हटलं होतं की, नाव तोंडाबाहेर गेलं तर मूठ मेली.

"जाऊबाई, सांगा त्यांना," ती म्हणाली, "नावं मला सांगता यायची नाहीत. पण आळीला सांगू या. सगळ्यांनाच सांगू. ज्याच्या घरात असेल तो काढून टाकील."

"सगळी आळी उठवायची? चार-पाच घरांसाठी?" खंडेरावांचा आवाज आता चढला. "म्युन्सिपालटीची माणसं येतील, घरं उघडी टाकतील, औषध फवारतील. ऐन लग्नसराईत भट्ट्या विझतील. आणि कशासाठी? घेणारे घेतात ना फुकटचं? मग त्यांचं नशीब त्यांच्याबरोबर. काहीच होणार नाही कदाचित."

सिंधूच्या डोळ्यांपुढे ती दोन वर्षांची पोर आली. बाजरीच्या डब्यात हात घालून खेळायची तिला सवय होती. स्वतः मंगलनेच हसत हसत सांगितलं होतं कधीतरी. आत्ता या क्षणी ती खेळत असेल. आपण इथे माजघरात बसून बोलतो आहोत आणि ती खेळत असेल.

"दादा, असं बोलू नका," मोतीराम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो घाबरलेला दिसत होता, पण मान हलत नव्हती.

"तुला काय ठाऊक त्यातलं?"

"गाडी मी ओढतो." त्याने दोन्ही पंजे समोर धरले, जणू त्यांनीच काय ते सांगावं. "मागे बघत नाही मी. पण कुठल्या दारापाशी गाडी जड झाली आणि कुठे हलकी झाली, ते हाताला कळतं. ते कसं बंद करू? असं बोलू नका, दादा. तुम्हालाच नंतर सोसायचं नाही."

आणि तो उठून परसात गेला. सिंधू त्याच्या पाठीकडे बघत राहिली. बारा वर्षं हा माणूस आपल्या पुढे चालत होता आणि सगळं ओझं हातांनी ओळखून गप्प राहत होता. तिला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता.

खंडेराव चुन्याचं बघायला म्हणून बाहेर गेले. विषय संपला असं त्यांना वाटलं असावं. भागुबाई चुलीपाशी येऊन बसल्या. तव्यावरची भाकरी करपत होती, ती त्यांनी उलटली नाही.

"सिंधू," त्या म्हणाल्या. "मी तुला नाव विचारत नाही."

सिंधूने मान खाली घातली.

"एवढंच सांग. गाडी वरच्या अंगाला हलकी होते का?"

सिंधूला 'नाही' म्हणता आलं असतं. तोंड उघडलंही तिने. पण भागुबाई तिच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या तिच्या हातांकडे बघत होत्या, आणि सिंधूचे हात कापत होते. तिने ते पदराखाली घेतले. तेवढं पुरलं. भागुबाईंचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"खोबरं नेऊन दिलं होतं मी दसऱ्याला," त्या पुटपुटल्या. "दारातनंच परत केलं कार्टीने. म्हणाली, आई, घरात सगळं आहे. मी येडी, खरं मानून आले."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्या घरातल्या कुणी त्यांच्याकडून कधी अपेक्षिलं नसतं. नवऱ्याने मारलेल्या रेघेबाहेर त्या पंचवीस वर्षांत गेल्या नव्हत्या. त्या उठल्या, फडताळातला आपल्या घरचा डबा काढला, मडक्यातली बाजरी त्यात काठोकाठ ओतली, झाकण लावलं आणि डोक्यावरचा पदरही नीट न करता ओसरी ओलांडून रस्त्यात गेल्या. सिंधू मागोमाग धावली. कारखान्याच्या दारात खंडेराव चुन्याची टोपली घेऊन उभे होते, ते बघतच राहिले.

आळीच्या मधोमध भागुबाईंनी झाकण काढलं आणि डबा उपडा केला. बाजरी फरशीवर पसरली. शेजारच्या ओट्यावर हातोडा थांबला. मग त्याच्या पुढचा. मग ते थांबणं आळीच्या दोन्ही टोकांना सरकत गेलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी आळीत कावळ्यांचा आवाज ऐकू आला.

"मुठीच्या कोठीत उंदीर पडलेत," भागुबाई म्हणाल्या. आवाज फाटला होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. "परवाच्या डब्यात त्यातलंच धान्य आलंय. आमच्याही डब्यात आलं. घेतलं होतं आम्ही. धंदा बसलाय, लाज कशाला सांगू? तुम्ही घेतलं की दिलं, मला कुणी सांगू नका. घरातलं असेल नसेल ते धान्य डब्यात भरा, झाकण लावा आणि इथे आणा. सगळ्यांनी."

खंडेराव तांबट, पंचांचा म्होरक्या, मुठीतून घेऊन खातो! सिंधूला वाटलं आता धरणी दुभंगेल. दारादारांतून माणसं खंडेरावांकडे बघत होती. त्यांचा चेहरा रक्त उतरल्यासारखा झाला. एक शब्द, 'ही खोटं बोलते' एवढाच, त्यांनी उच्चारला असता तर सगळं संपलं असतं. मग ज्यांनी खरंच घेतलं तेवढेच उरले असते, आणि त्यांच्यातलं एकही दार उघडलं नसतं. ते बायकोकडे बघत होते. मग त्यांनी सिंधूकडे पाहिलं, मग अंगणात येऊन उभ्या राहिलेल्या मोतीरामच्या हातांकडे. आणि सिंधूला स्पष्ट दिसलं की, हळूहळू त्यांच्या मनात काहीतरी येतं आहे आणि ते येऊ नये म्हणून ते धडपडत आहेत.

सिंधूच्या तोंडून आपोआप शब्द गेले, थेट, कुणाच्याही मार्फत नाही. "भाऊजी, उशीर होतोय."

त्यांनी टोपली खाली ठेवली. "आणा," ते आळीला म्हणाले. "ती सांगते तसं करा. झाकणं कुणी काढायची नाहीत. ओतायचं काम माझं."

पहिलं दार कुणाचं उघडतं याची सगळेच वाट बघत होते. उघडलं ते पलीकडच्या टोकाचं. खलीलची बायको सुरय्या पदर दातांत धरून डबा घेऊन आली आणि खंडेरावांच्या पायाशी ठेवून बाजूला उभी राहिली. तिने घेतलं होतं की दिलं होतं, ते सिंधूला ठाऊक होतं आणि सिंधूबरोबरच सरणावर जाणार होतं. मग दारं उघडू लागली. ज्यांच्या घरात मुठीचा एक दाणा गेला नव्हता, त्यांनीही आपली चांगली बाजरी भरून आणली. एक-दोघी कुरकुरल्या, पण आम्ही नव्हतं घेतलं असं म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. तसं म्हणणं म्हणजे शेजारणीकडे बोट दाखवणं होतं, आणि भागुबाई तिथेच उभ्या होत्या.

खंडेराव एकेक डबा उचलत होते, अंगाआड धरून झाकण काढत होते, ओतत होते. धान्यातल्या पिसवा हातावर चढतील याची त्यांना शुद्ध नव्हती की पर्वा नव्हती, कोण जाणे. सिंधूची नजर वरच्या अंगाकडे लागली होती. एवढी माणसं आली, मंगल का येत नाही? तिने ऐकलंच नसेल का? पोर आजारी असेल का? तिने मनातल्या मनात गोदेला ओटी बोलली, कालिकेला साडी बोलली, सासूबाईंनाही काहीतरी बोलली.

मंगल सगळ्यात शेवटी आली. कडेवर पोर, दुसऱ्या हातात डबा. वडिलांसमोर उभं राहून तिने डबा पुढे केला. तिची नजर खाली होती.

खंडेरावांनी डबा घेतला आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. आतापर्यंतचे सगळे डबे काठोकाठ भरलेले होते. हा नव्हता. हा वीतभर तरी उतरलेला होता, आणि त्यात घालायला घरात दुसरं काही नव्हतं. तांबटाच्या हाताला हे कळायला झाकण काढावं लागत नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या गळ्यात काळी पोत सोडून काही उरलं नव्हतं, तेही त्यांना आताच दिसलं असावं. बाकीच्यांकडे पाठ करून, डबा पोटाशी धरून, त्यांनी तो ढिगावर रिता केला, आणि आत किती होतं ते कुणालाही दिसू दिलं नाही. मोतीरामने घासलेटचा डबा ओतून काडी लावली. करपलेल्या बाजरीचा वास आळीभर झाला.

उद्या सकाळी घरं सोडायची, नदीपलीकडे झोपड्या घालायच्या, सगळ्यांनी टोचून घ्यायचं, अशी बोलणी सुरू झाली. खंडेरावांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, बादलीत बुडवून धुतले. मग पोरीच्या कपाळावर तळवा ठेवला. ओसरीवरच्या त्या बोलण्यानंतर त्यांनी नातीला पहिल्यांदाच हात लावला होता.

भागुबाई, सिंधू, मोतीराम, तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मंगलने डोळे मिटून घेतले होते.

"गार आहे," खंडेराव म्हणाले.

पण हात काही त्यांनी काढला नाही.